आवाज कुणाचा?

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन 'घरात चोर शिरला तर काय करू?' असं विचारून बघा. काउंटरमागचा माणूस भिंतीवरची पंप शॉटगन काढतो, नळीखालचा दांडा मागे ओढतो, पुढे ढकलतो. कर्रक्-खट्! मग तुमच्याकडे बघून हसतो. झाला सौदा. हा आवाज जगातल्या कुठल्याही चोराला कळतो, तो ऐकला की चोर आल्या पावली पळतो, गोळी झाडायची वेळच येत नाही, असं सासरे जावयाला सांगतात, निवृत्त पोलीस शेजाऱ्याला सांगतात आणि ज्यांच्याकडे उभ्या जन्मात चोर फिरकलेला नाही ते भेटेल त्याला सांगतात.

उपाय नामी आहे. भिंतीला भोक नाही, गालिच्यावर डाग नाही, कोर्टाची पायरी नाही. काही शे डॉलर मोजायचे, बंदूक घरी आणायची आणि गणपतीतल्या ताशासारखी नुसती वाजवायची.

आता हे वाद्य वाजतं कसं ते जरा जवळून पाहू. पंप शॉटगनच्या मोठ्या नळीखाली एक लहान नळी असते. तिच्यात चार-पाच काडतुसं एकामागे एक निजलेली असतात. दांडा मागे ओढला की उडालेलं काडतूस कडेच्या खिडकीतून बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं काडतूस वर चढून मोठ्या नळीच्या बुडाशी बसतं. पोलादावर पोलाद सरकतं, त्याचा हा आवाज. चोराला डोळ्यांसमोर ठेवून तो कुणी बेतलेला नाही. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी १८९७ची गाजलेली पंप बंदूक घडवली ती एका बारानंतर दुसरा बार झटपट काढता यावा म्हणून. रेमिंग्टनची '८७०' आली १९५०मध्ये आणि आजवर एक कोटीहून जास्त खपली. इतकी वर्षं शिकारी तो आवाज ऐकत होते, आणि त्यांच्या दृष्टीने तो नसता तर बरंच झालं असतं, कारण बदकांनाही कान असतात.

त्याला धाक चढवला सिनेमाने. हॉलिवूडच्या नायकाला राग आला की तो दांडा ओढतो. दार लाथेने उघडलं की ओढतो. खलनायक उलट बोलला की पुन्हा ओढतो. बंदुकीत काडतूस आधीच चढलेलं असेल तर अशा प्रत्येक ओढीला एक जिवंत काडतूस खाली पडायला हवं. पडद्यावर पडत नाही. घरात पडतं. रात्री दोनला, अंधारात, थरथरत्या हातांनी, जरा जोर दाखवावा म्हणून दांडा दुसऱ्यांदा ओढला की लाल काडतूस टणकन फरशीवर आणि तिथून घरंगळत पलंगाखाली. पाचातलं एक गेलं, चोराने न मागता. दांडा घाबरून अर्धाच ओढला गेला तर त्याहून मौज. काडतूस वाटेतच अडकतं आणि हातातल्या त्या अमेरिकन अभिमानाची सात-आठ पौंडांची लाठी होते.

कंपनीला मात्र हा आवाज फारसा लाभला नाही. रेमिंग्टनने २०१८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२०मध्ये पुन्हा केला. चोर पळत असतील, सावकार काही पळाले नाहीत.

बंदूक शिकवणं हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्यातलेही बरेच जण या आवाजाला नाकं मुरडतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. दांडा ओढलात म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात ते सांगितलंत. बंदूक आत्तापर्यंत तयार नव्हती हेही सांगितलंत. समोरच्याकडे पिस्तूल असेल तर नेम कुठे धरायचा ही त्याची अडचणही मिटवलीत. त्यापेक्षा बायकापोरांना घेऊन एका खोलीत जा, दार लावा, ९११ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावून तो चालू ठेवा, बंदूक असेल तर ती दाराकडे रोखून बसा आणि 'पोलिसांना बोलावलंय, माझ्याकडे बंदूक आहे' असं घसा खरवडून ओरडा. जिना उतरून चोर शोधत फिरू नका. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची जिप्सम शीट. बारा बोअरच्या एका दमदार काडतुसात आठ-नऊ छर्रे असतात, प्रत्येक आठेक मिलिमीटर जाडीचा. त्यांना अशी भिंत म्हणजे किरकोळ गोष्ट, आणि भिंतीपलीकडे बहुधा पोरांची खोली असते.

हा सल्ला शहाणपणाचा आहे आणि म्हणूनच तो खपत नाही. दाराआड दबून बसण्यावर सिनेमा निघत नाही.

पण कर्रक्-खट् काम करतं की नाही, या वादात शिरण्याआधी कुणीतरी चोराची चौकशी करायला हवी. चोर म्हणजे नेमका कोण? अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ ते २००७ या काळाचा हिशेब मांडला होता. वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या. त्यातल्या सुमारे २८ टक्के वेळाच घरात कुणी होतं. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन घरफोड्यांत दांडा ओढायला माणूसच नव्हता. तो ऑफिसात होता आणि बंदूक घरात होती. काही वेळा संध्याकाळी तो परत आला तेव्हा बंदूकही घरात नव्हती. टीव्हीपेक्षा हलकी, लपवायला सोपी आणि चोरबाजारात हमखास गिऱ्हाईक असलेली वस्तू चोर कशाला सोडेल? काहीजण तर फाटकावर पाटी लावतात, रिव्हॉल्व्हरचं चित्र आणि खाली 'आम्ही ९११ला फोन करत नाही'. मालकाला वाटतं ही धमकी आहे. चोर ती सामानाची यादी म्हणून वाचतो.

याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि बंदुकीच्या दुकानात तो कुणी सांगत नाही. एकूण घरफोड्यांपैकी ७ टक्क्यांमध्ये घरातल्या माणसावर हल्ला झाला. अशा हल्ल्याच्या प्रकरणांत ६५ टक्के वेळा हल्लेखोर ओळखीचा होता. सोडलेला नवरा, तुटलेला मित्र, नात्यातलं कुणी, शेजारचं कुणी. आता या माणसाला तुमच्या बंदुकीचा आवाज ऐकवा. त्याला ती बंदूक ठाऊक आहे. ती कुठल्या कपाटात असते तेही ठाऊक आहे. कदाचित तीन नाताळांपूर्वी ती त्यानेच आणून दिली होती. मुख्य म्हणजे तुम्ही चाप ओढाल की नाही, याचा त्याचा अंदाज तुमच्या अंदाजापेक्षा पक्का आहे. काळा मुखवटा घातलेला, अनोळखी आणि सिनेमे पाहिलेला चोर या आवाजाने पळेलही. तो जिन्यातल्या दिव्यानेही पळाला असता आणि वरून कुणी खाकरलं असतं तरी पळाला असता.

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या आमच्या एका मित्राने अशी बंदूक घेतली. त्याला हसायचं कारण नाही. सोनं ही आपल्या लोकांची तिकडेही ओळख आहे. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास असा फेरा मारत भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या कुटुंबांची घरं लुटली. घरात माणसं असताना शिरायचे, पोराबाळांसकट बांधून ठेवायचे. म्होरकीला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर टेक्सासातल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात लॉकर कुठल्या बँकेत स्वस्त, हा विषय तिळगुळाच्या आधी निघायला लागला होता. तर मित्राने व्हिडिओ कॉलवर बंदूक दाखवली, दांडा ओढून दाखवला आणि म्हणाला, "अरे, झाडायची कुणाला आहे! नुसता आवाज केला तरी पळतात रे."

मागून वहिनींचा आवाज आला, "आणि नाही पळाला तर?"

मित्राने विषय बदलला. पुण्यात पाऊस कसा आहे, वगैरे.

वहिनींच्या प्रश्नातच सगळी ग्यानबाची मेख आहे. आवाज ही धमकी आहे आणि पुढची पायरी चढायची तयारी नसेल तर तिचा हिशेब उलटा बसतो. ज्याला गोळी झाडायचीच नाही त्याने आवाज ऐकवला आणि समोरचा उभाच राहिला, तर आता दोघंही अडकले. एकाला मागे हटता येत नाही, दुसऱ्याला उगाच घाई झाली आहे. वहिनी स्वयंपाकघरातून हे सांगू शकल्या. मित्राने यूट्यूबवर त्या बंदुकीचे इतके व्हिडिओ पाहिले होते, त्यातल्या एकानेही त्याला हे विचारलं नव्हतं.

नुसत्या आवाजाने समाधान होत नाही त्यांच्यासाठी वरचा वर्ग आहे. हवेत गोळी. या वर्गाचे सर्वांत नामवंत गुरुजी म्हणजे ज्यो बायडन. फेब्रुवारी २०१३मध्ये, उपाध्यक्ष असताना, पालकांसाठीच्या एका मासिकाच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की, दुनळी शॉटगन घ्या. आपण तर बायकोला सांगून ठेवलंय की काही झालं तर बाल्कनीत जा आणि घराबाहेर दोन बार काढ. हेतू चांगला होता, लोकांनी लष्करी थाटाच्या रायफली घेऊ नयेत हा. पण दुनळी बंदुकीला दोनच नळ्या असतात. दोन बार काढून झाले की बाल्कनीत उभी राहते ती रात्रीच्या कपड्यांतली, रिकामी बंदूक धरलेली, आपण कुठे आहोत हे साऱ्या गल्लीला कळवून बसलेली एक बाई. शिवाय दुनळीला दांडाच नाही. म्हणजे तो जगप्रसिद्ध आवाजही गेला.

पण देशाच्या उपाध्यक्षांचा सल्ला वाया कसा जाईल? त्याच वर्षी जुलैत वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूवर गावात एका गृहस्थाला आपल्या गाड्यांशी कुणी चाळे करतंय असं वाटलं. त्याने शॉटगनचा बार काढला. पोलिसांनी त्यालाच धरलं. तेव्हा तो पत्रकारांना म्हणाला, मी काय चुकीचं केलं, बायडननी सांगितलं तेच केलं. हा बचाव पोलिसांच्या कुठल्या पुस्तकात सापडला नसावा.

आपल्याला याची गंमत वाटते, कारण 'जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांचा हवेत गोळीबार' हे वाक्य आपण चहाबरोबर वाचत लहानाचे मोठे झालो. अमेरिकेतल्या बहुतेक पोलीस खात्यांत हवेत इशाऱ्याची गोळी झाडायला मनाई आहे. वर गेलेली गोळी खाली येते, हे न्यूटनने इंग्लंडात बसून सांगितलं असलं तरी अ‍ॅरिझोनात ते पटायला १९९९ साल उजाडलं. फिनिक्समध्ये कुणीतरी हवेत झाडलेल्या गोळीने १४ वर्षांची एक मुलगी आपल्याच घराच्या परसात मेली. २०००मध्ये त्या राज्याने शहरहद्दीत बेफिकिरीने गोळी झाडणं हा मोठा गुन्हा ठरवला.

खरी गंमत मात्र कायद्याच्या पोटात आहे. जीव घेईल अशी ताकद वापरायला तिकडचा कायदा सहसा परवानगी देतो ती जिवावर बेतल्याची रास्त भीती असेल तर. आता तुम्ही भिंतीत गोळी मारलीत. सरकारी वकील विचारतो, एवढी भीती होती तर माणसाला का नाही मारलीत? आणि माणसाला मारावंसं वाटलं नाही म्हणजे एवढी भीती नव्हती. मग बंदूक उचललीतच का? तुम्ही दाखवलेला संयम हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा. घरात घुसलेल्या परक्यासमोर दांडा ओढलात तर सहसा कुणी जाब विचारत नाही. तोच आवाज अंगणात, रस्त्यावर, शेजाऱ्याच्या गाडीसमोर केलात तर धमकावल्याचा खटला होऊ शकतो.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची एक बाई हा धडा तुरुंगात शिकली. ऑगस्ट २०१०. मारहाण करणाऱ्या, दूर राहणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तिच्याकडे कोर्टाचा मनाई आदेश होता. तिने एक गोळी झाडली. ती भिंतीत गेली, कुणाला खरचटलंही नाही. पण खोलीत नवऱ्याची दोन मुलंही होती. 'इशारा दिला' हे तिचं म्हणणं ज्युरीने बाराएक मिनिटांत फेटाळलं. त्या राज्यात तेव्हा एक ठरीव दरपत्रक होतं. ठराविक गुन्ह्यांत बंदूक बाळगली तर किमान १० वर्षं, झाडली तर २०, कुणाला लागली तर २५ ते जन्मठेप. न्यायाधीशाला हात आखडता घ्यायची सोयच नव्हती. २०१२मध्ये तिला २० वर्षं झाली. दरपत्रकात 'मुद्दाम न लागलेल्या गोळी'साठी सवलत नव्हती. पुढे अपिलात ती शिक्षा रद्द झाली, तडजोड झाली आणि २०१५च्या जानेवारीत ती तुरुंगातून सुटली. त्याआधी, २०१४मध्ये, तिथल्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून घेतली. ज्या प्रसंगी गोळी मारणं योग्य ठरतं त्या प्रसंगी नुसती धमकी देणंही योग्य ठरावं, अशी. ही गोष्ट कायद्यात लिहावी लागली, यावर वेगळं सदर होईल.

आणि इशारा दिला तरी तो ऐकणाऱ्याला कळायला हवा. १९९२च्या ऑक्टोबरात लुइझियानाच्या बॅटन रूजमध्ये सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी आणि त्याचा मित्र हॅलोविनच्या पार्टीला निघाले आणि चुकीच्या घराची घंटा वाजवून बसले. घरमालक रिव्हॉल्व्हर घेऊन दारात आला आणि 'जागचा हलू नकोस' अशा अर्थाचं ओरडला. इशारा अगदी रीतसर होता. पोरगा पार्टीच्या पोशाखात, आम्ही पार्टीला आलोय असं सांगत पुढेच येत राहिला. एका गोळीत संपला. मालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. मुलाच्या आईवडिलांनी जपानात १७ लाख सह्या गोळा केल्या आणि अमेरिकी घरांतल्या बंदुकांना आळा घाला म्हणून अध्यक्ष क्लिंटन यांच्यापुढे ठेवल्या. तीस वर्षांनी, एप्रिल २०२३मध्ये, कॅन्सस सिटीत सोळाच वर्षांचा दुसरा मुलगा धाकट्या भावंडांना आणायला गेला. जायचं होतं ११५ टेरेसवर, गेला ११५ स्ट्रीटवर. घंटा वाजवली. आतून ८४ वर्षांच्या मालकाने काचेच्या दारातून गोळ्या घातल्या. पोरगा वाचला, डोक्यात गोळी लागूनही.

या दोघांना कर्रक्-खट् ऐकवलं असतं तर? माझ्या मते काही फरक पडला नसता. चोर दचकतो, कारण आपण चोर आहोत हे त्याला ठाऊक असतं. घंटा वाजवून उभ्या राहिलेल्या पोराला आत कसलासा खडखडाट झाला तर वाटतं, कुणीतरी दार उघडायला येतंय.

मग हा आवाज करतो काय? तो मालकाला धीर देतो. हे मी टिंगलीने म्हणत नाही. रात्री दोनला खाली काहीतरी पडलेलं ऐकून छातीत धडधडत असताना हातात जड पोलाद असणं आणि त्याने हुकूम मानल्यासारखा आवाज करणं, याला किंमत आहे. मारुतीस्तोत्रालाही आहे, आणि त्याने भिंतीला भोक पडत नाही. २०२३च्या प्यू रिसर्चच्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधाऱ्यांनी बंदूक बाळगण्याचं मोठं कारण 'संरक्षण' हे सांगितलं. त्यांच्या उशाशी भीती आहे हे खरंच आहे. फक्त ती उतरवायला त्यांनी जे घेतलंय त्याचा नेम कुणावर धरायचा, हे त्या अंधारात ठरत नाही.

चोर कशाला घाबरतात, हे चोरांनाच विचारायचं शहाणपण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या अभ्यासकांनी केलं. तीन राज्यांतल्या घरफोडीसाठी शिक्षा झालेल्या ४२२ चोरांना त्यांनी प्रश्नावली दिली. उत्तरं अगदीच बेचव निघाली. आत अलार्म आहे का हे ते आधी बघतात. माणसांची, गाड्यांची जाग दिसली, जवळपास कुत्रा दिसला, तर बरेच जण पुढचं घर धरतात. यातली एकही गोष्ट हॉलिवूडच्या कामाची नाही. अ‍ॅमेझॉनने मात्र ती हेरली. त्यांच्या अलेक्साची एक पैसे भरून घ्यायची सेवा २०२१मध्ये आली, तिच्यात मालक घरी नसताना यंत्राला हालचाल जाणवली की ते कुत्र्यासारखं भुंकायचं.

खरा कुत्रा पाळायचा तर मात्र तिकडे कागदपत्रं पुरी लागतात. पेनसिल्व्हेनियात तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याचा परवाना काढणं कायद्याने सक्तीचं आहे, नाही काढला तर दंड आहे. घरात शॉटगन ठेवायला त्या राज्यात परवाना लागत नाही.